फोन आईच्या हातात, पोरं मैदानात

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

संध्याकाळच्या या वेळेला कुणी भाकरी थापत असेल, कुणी धार काढून आली असेल, कुणी द्राक्षबागेतून विरळणी करून येऊन आत्ताच हातपाय धुतले असतील. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडं द्या.

आम्ही बचत गटाच्या बाया. एरवी रेडिओवर आलो की बचत, कर्ज, हप्ता, शेळीपालन असलं बोलतो. आज बोलायचंय ते आपल्या सातवी ते बारावीतल्या लेकरांबद्दल, त्यांच्या हातातल्या मोबाईल गेमबद्दल आणि गावातल्या ओस पडलेल्या मैदानाबद्दल. विषय वेगळा वाटेल, पण तो फिरून आपल्या हप्त्यापाशीच येतो. कसा, ते सांगतो.

पहिल्यांदा हे आठवू या की हा फोन घरात आला कसा. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर भरायला लागले. तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणींनी गटातून अंतर्गत कर्ज काढून फोन घेतला. कुणी करडू विकलं, कुणी भिशीचा नंबर आधी मागून घेतला. लेकरांचं शिक्षण थांबू नये म्हणून घेतला आणि ते बरोबरच होतं. पुढं शाळा परत भरल्या, फोन मात्र पोरांच्या हातात राहिला. आधी अभ्यासाचा व्हिडिओ, मग गाणी, मग गेम. त्यातला पबजी सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये बंद केला, फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये. पण नाव बदलून, रूप बदलून तसले गेम परत आले. एक बंद झाला की पोरांना दुसरा ठाऊक असतो. म्हणून सरकार काय ते बंद करील, या भरवशावर आपल्याला बसता येत नाही.

पोरगं चार हाका मारल्या तरी उठत का नाही, हे आधी समजून घेऊ. या बंदुकीच्या गेमचा एक डाव वीस-पंचवीस मिनिटं चालतो. तो मध्येच थांबवून ठेवता येत नाही. सोबत दोन-तीन मित्र आपापल्या घरून खेळत असतात. हा उठला तर बाकीचे हरतात आणि उद्या शाळेत त्याला बोल लावतात. रोज गेम उघडला की काहीतरी बक्षीस मिळतं, एक दिवस चुकला की ते हुकतं. मग एक पेटी उघडायची असते. तिच्यात काय निघेल ते ठाऊक नसतं. कधी भारी वस्तू निघते, बहुतेक वेळा फालतू. मटक्याचा आकडा लावणारा माणूस आपण पाहिलाय. आता लागेल, उद्या लागेल, या आशेवरच तो जातो. तीच ओढ इथं आहे. पोरगं जितका वेळ बसेल तितकी कंपनीची कमाई, आणि त्याला बसवून ठेवायचं कसं यावर तिथं शिकलेली माणसं काम करत असतात. चौदा वर्षांच्या पोराची त्यांच्याशी कुस्ती लागली आहे, आणि ही जोड सारखी नाही.

पण हातात मोबाईल दिसला की लगेच “व्यसनी झाला” असंही म्हणू नका. गेमच्या व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या यादीत घेतलंय. ही यादी २०१९ मध्ये मंजूर झाली आणि २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत. पहिली, खेळण्यावर ताबा राहत नाही. किती वेळ, कधी सुरू, कधी बंद, काही हातात राहत नाही. दुसरी, गेम सगळ्यांच्या पुढं येतो. जेवण, झोप, शाळा, मित्र, सणवार सगळं मागं पडतं. तिसरी, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं, वाढतं. आणि हे सहसा वर्षभर दिसत असलं तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. म्हणजे शाळा, जेवण, खेळ सांभाळून तासभर गेम खेळणारं लेकरू आजारी नाही. त्याला नियम लागतो. ज्याच्यात या तीन खुणा दिसतात त्याला मदत लागते. दोघांना एकाच काठीनं हाकू नका.

आता हप्त्याचं. आमच्या एका गटातल्या ताईनं परवानगी दिली आहे म्हणून सांगतो, नाव सांगणार नाही. ही ताई बागेत रोजंदारीवर जाते, मुलगा नववीत. गटाच्या कर्जाच्या हप्त्यासाठी ती मजुरीचे पैसे खात्यात साठवत होती. हप्त्याच्या दिवशी पाहिलं तर खात्यात पैसे नाहीत. तिला वाटलं, कुणीतरी फोन करून फसवलं. बँक सखीनं पासबुकात नोंदी छापून आणल्या. ऐंशी, दीडशे, तीनशे, अशा बारीक बारीक रकमा महिनाभर गेल्या होत्या. पोरानं गेममधले हिरे, कपडे आणि बंदुकीचे रंग विकत घेतले होते.

पिन त्याला कसा ठाऊक? त्यानंच तर टाकला होता. पैसे पाठवायचं अ‍ॅप त्यानं चालू करून दिलं, बॅलन्स तोच बघायचा, किराणा दुकानात पैसे तोच पाठवायचा. फोन आईच्या नावाचा, खातं आईच्या नावाचं, पिन मात्र पोराच्या डोक्यात. मैत्रिणींनो, ही एका घरातली गोष्ट नाही. बैठकीत आम्ही विचारलं, आपला पिन आपल्याला पाठ आहे अशा किती जणी? थोडेच हात वर आले. बाकीच्या म्हणाल्या, “पोरगं बघतंय की.”

त्या घरात बाप मारायला उठला होता. ताई म्हणत होती, फोन विहिरीत टाकते. गटातल्या बायांनी त्या महिन्याचा हप्ता आपसांत उसनवारी करून भरला आणि दोन गोष्टी ठरवल्या. पोराला बैठकीत उभं करून त्याची लाज काढायची नाही. आणि त्याला आधी विचारायचं. दोघी जणी घरी जाऊन त्याच्याशी बोलल्या. त्यानं सांगितलं ते साधं होतं. शाळा सुटून आल्यावर घरी कुणी नसतं. आईबाप दिवस मावळल्यावर येतात. शाळेच्या मैदानाला कुलूप असतं. बाहेरच्या पटांगणावर मोठी पोरं क्रिकेट खेळतात, ती लहानांना घेत नाहीत, नुसता चेंडू आणायला पळवतात. गेममध्ये मात्र सगळे घेतात.

हे ऐकल्यावर आम्हाला कळलं की काम दोन ठिकाणी करावं लागणार. फोन आईच्या ताब्यात आणायचा आणि पोरांना मैदान मिळवून द्यायचं. नुसता फोन काढून घेतला तर ते रिकामे तीन तास कशानं भरणार?

फोनचं काम सोपं निघालं. बँक सखीला दोन बैठकांत बोलावलं. प्रत्येकीनं आपल्या हातानं आपला पिन बदलला. अक्षर येत नसलं तरी आकडे येतात, रोज मजुरीचा हिशेब आपणच करतो की. बॅलन्स कसा बघायचा ते शिकलो. फोनमधून काही विकत घेताना दर वेळी पासवर्ड विचारला जाईल अशी सोय करता येते, ती करून घेतली. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ नावाचं एक पान असतं. कोणत्या अ‍ॅपवर आज किती वेळ गेला हे तिथं दिसतं आणि गेमला रोजची मर्यादा घालता येते. ते पान पोरासोबत बसून उघडा. “तू दिवसभर खेळतोस” म्हटलं की भांडण होतं. समोर आकडा आला की त्यालाही बोलायला जागा राहत नाही. काही पोरं तो आकडा बघून स्वतःच दचकली.

एक कायद्याची गोष्टही ठाऊक असू द्या. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून बंदी घातली. पत्ते असोत की दुसरं काही, पैसे लावा आणि जिंका असं सांगणारं अ‍ॅप पोराच्या फोनमध्ये दिसलं तर ते काढून टाका. गेममधल्या वस्तू विकत घेण्याचं प्रकरण मात्र वेगळं आहे, ते चालूच आहे. तिथं राखण आपल्या पिननंच करायची. आणि “स्वस्तात हिरे देतो” म्हणून कुणी पोराकडून पैसे उकळले, तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा.

आता शरीराचं बोलू. पाच ते सतरा वर्षांच्या लेकरानं रोज सरासरी साठ मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल केली पाहिजे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पळणं, उड्या, सायकल, पोहणं, काहीही चालतं. जगभर अकरा ते सतरा वयातल्या दर पाच मुलांपैकी चार मुलांची एवढी हालचाल होत नाही. हे शहरातलं दुखणं, असं आपल्याला वाटायचं. पण आता आपल्या वाडीवस्तीवरची पोरंसुद्धा शाळेला गाडीवरून जातात आणि आल्यावर खाटेवर आडवी होतात.

या वयातच हाडं भरतात. पुढं चाळिशीत कंबर धरते, गुडघे बोलतात, ते आपल्याला कुणी सांगायला नको. हाडांचा साठा वाढायचा तो बहुतेक विशीच्या आसपासपर्यंतच, आणि उड्या, धावणं यानं तो चांगला भरतो. आपल्याच बचतीसारखं आहे हे, आत्ता टाकाल ते पुढं निघेल. उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचं कमी दिसण्याचा, म्हणजे चष्म्याचा धोका कमी राहतो. शरीर दमलं की झोप लागते. या वयाला रात्री आठ ते दहा तास झोप हवी. रात्री बारा-एकपर्यंत पांघरुणात गेम खेळणारं पोरगं सकाळी वर्गात डुलक्या घेतं, आणि आपण म्हणतो त्याचं डोकं चालत नाही. दहावीचं वर्ष लागलं की “आता खेळ बंद” असं आपण म्हणतो. खेळ बंद होतो आणि गेम चालू राहतो. उलट करा. घामाचा एक तास अभ्यासाला मारक नाही, पूरक आहे.

आता मुलींचं. मोबाईल मुलाच्या हातात असतो, म्हणून गेमची तक्रार मुलांचीच येते. मुलगी त्या वेळी काय करते? पाणी भरते, भांडी घासते, धाकट्याला सांभाळते. “तिचा व्यायाम होतोच की,” असं आपणच म्हणतो. बायांनो, हंडा वाहणं म्हणजे खेळ नव्हे. खेळात हसू असतं, मैत्रिणी असतात, हरणं-जिंकणं असतं, “मी धावले” असं सांगण्यातला अभिमान असतो. पाळी सुरू झाली की मुलीचं मैदान सुटतं, ते आपलंही सुटलं होतं. आठवा, आपण लंगडी कधी बंद केली? पुढं मुलीच्या हातातही फोन येतो, ती गेमऐवजी रील बघते. घरबसल्या शरीर दोघांचंही जातं. आपल्या देशात पंधरा ते एकोणीस वर्षांच्या दर दहा मुलींपैकी जवळपास सहा मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, असं सरकारच्या पाहणीत निघालंय. मुलगी थोडं धावून धापा टाकत असेल तर ती आळशी आहे असं समजू नका. रक्त तपासून घ्या, शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी फेकून देत नाही ना ते बघा, पानात पालेभाजी वाढा, आणि मग खेळायला पाठवा.

गावानं मनावर घेतलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ च्या १४ ऑगस्टला महिलांची ग्रामसभा भरली आणि तिथं भोंगा घ्यायचं ठरलं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, एकमेकांशी बोलतात. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले, तेव्हा कुठं ते रुळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला.

दोन्ही गावांनी धाडस केलं. पण आमच्या बायांना वडगावची रीत जास्त पटली. एक तर ती दीड तासाची आहे, पाळता येते. दुसरं म्हणजे तिथं मोठेही फोन बाजूला ठेवतात. बापानं पारावर बसून रील बघायची आणि पोराला म्हणायचं अभ्यास कर, हे चालत नाही. आपणही जेवताना मालिका लावतो, तेही पोरं बघत असतात.

आम्ही आमच्या एका गावात त्याच्या आधीचा तास धरला, साडेपाच ते साडेसहा, खेळाचा. शाळेचं मैदान होतं, पण शाळा सुटली की फाटकाला कुलूप. का, तर संध्याकाळी तिथं पत्ते कुटणारे बसायचे, बाटल्या फुटायच्या. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आमच्या गटाच्याच दोघी त्या समितीत होत्या, आतापर्यंत नुसत्या सहीपुरत्या. त्यांनी अर्ज दिला की फाटक उघडा, किल्लीची जबाबदारी गट घेतो. आठवड्याला दोघींची पाळी. मुख्याध्यापक आधी बिचकले, मग लेखी घेऊन किल्ली दिली. बायांनी काचा वेचल्या, बाभळीचे काटे काढले. सुतारानं खो-खोचे दोन खांब रोवून दिले. फक्कीनं रेघा मारल्या. याहून जास्त खर्च नाही.

पहिल्या आठवड्यात काय झालं? पोरं आली आणि फोन घेऊन कट्ट्यावर बसली. मग फाटकाशी टोपली ठेवली. आत यायचं तर फोन टोपलीत. चार दिवस निम्मी पोरं आलीच नाहीत. मग एका आजींनी आट्यापाट्या दाखवल्या. पदर खोचून स्वतः पाटीवर उभ्या राहिल्या तेव्हा पोरं हसली आणि खेळायला लागली. मंगळवार आणि शुक्रवार अख्खं मैदान मुलींचं, असा नियम केला. त्यावर घराघरांत वाद झाले. भाकरी कुणी करायची, पाणी कुणी भरायचं? आम्ही म्हणालो, त्या दोन दिवशी भावानं भरायचं. काही घरांत ते झालं, काही घरांत अजून व्हायचंय.

मुलींना खेळून काय मिळणार, असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या मुली व मुलं दोघंही जिंकली. मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे, मुलांचा प्रतीक वाईकर, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे. धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. सगळ्याच मुली तिथवर जाणार नाहीत. पण तासभर मोकळं धावायला मिळणं, एवढंही पुष्कळ आहे.

सगळं सुटलं असं आम्ही म्हणत नाही. काही पोरं अजून येत नाहीत. ज्या मुलाचं मघाशी सांगितलं तो येतो, खांबावर चांगली झेप घेतो. गेमही खेळतो, रविवारी तासभर, आईनं पिन टाकून न देता. खर्चलेले पैसे सुट्टीत बेदाण्याच्या शेडवर काम करून फेडतो, असं तो म्हणाला होता. आई म्हणाली, कामाला नको, रोज पाणी भर. तो भरतो.

घरी नियम लावताना चार गोष्टी ध्यानात ठेवा. डाव चालू असताना फोन हिसकावू नका. “हा डाव संपला की बंद” असं आधी ठरवा आणि मग मागं हटू नका. रात्री फोन आपल्या उशाशी चार्जिंगला लावा, पोराच्या नव्हे. फोनला बक्षीस करू नका, “जेवलास तर गेम देते” हे बंद करा. आणि वेळ एकदम तोडू नका, आठवड्या-आठवड्याला कमी करा. पहिले काही दिवस चिडचिड होईल, ताट ढकलेल, बोलणार नाही. तेवढं धरून राहा, पण हात उगारू नका.

पोरगं शाळाच सोडत असेल, रात्र रात्र जागत असेल, घरात चोरी करत असेल किंवा “मरून जातो” असं म्हणत असेल, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. सरकारचा आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी समुपदेशन कुठं मिळतं ते आशाताईला विचारा. यात लाज नाही. ताप आला तर आपण दवाखान्यात नेतोच ना?

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत वसुलीचं वही-लिखाण झालं की पंधरा मिनिटं जास्त बसा. तीन कामं. प्रत्येकीनं आपला पिन आपल्या हातानं बदलायचा. गावातल्या मैदानाची किल्ली कुणाकडं आहे ते शोधायचं आणि शाळा समितीतल्या आपल्या बाईला अर्ज लिहायला लावायचं. हायस्कूल असेल तर पालक-शिक्षक संघात विषय काढायचा. आणि पुढच्या महिला सभेत भोंग्याचा विषय मांडायचा, गावाला झेपेल तेवढ्या वेळेसाठी. एकटी आई फोन हिसकावते तेव्हा ती पोराची वैरी होते. दहा जणी मिळून नियम करतात तेव्हा ती गावाची रीत होते. हप्त्याचं आपण असंच केलं होतं, आठवतंय ना?

तुमच्या गावात काय ठरलं ते रेडिओ केंद्राला फोन करून नक्की सांगा. आणि मंगळवारी साडेपाचला भाकरीचं पीठ थोडं उशिरा मळा, आधी लेकीला खेळायला जाऊ द्या.